आबांच्या हातात माझा हात

मला अठरा वर्षं कबड्डी खेळता आली ती आबांमुळं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्यावर किती चिडलो होतो तेही लिहायचं आहे. आबा आमच्या संघात माझ्या शेजारी खेळायचे. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. संघात सगळ्यांत वडीलधारे म्हणून आबा, नाहीतर तेव्हा त्यांचं वय काही आबा म्हणण्याचं नव्हतं.

मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. नववी अर्ध्यावर सोडली. अठराव्या वर्षी एका स्पर्धेत बारामतीच्या एका कारखान्याच्या संघाच्या सरांनी मला पाहिलं आणि बोलावून घेतलं. नोकरी खेळाडू म्हणून, तीही हंगामी. चांगला खेळत राहिलो तर कायम करू, असं सांगितलं होतं. सांगवीत खोली मिळाली. पहिले काही महिने मी ताटात भातच शोधत होतो. माझ्या बोलण्याची चेष्टा तर रोजची. मी नुसता बसलेलो असलो तरी कुणीतरी येऊन विचारायचं, "काय करून राहिला बे?"

मी लेफ्ट कॉर्नरला खेळायचो. कबड्डी बघणाऱ्याच्या लक्षात चढाई करणारा राहतो, कोपऱ्यातला राहत नाही. समोरून आलेल्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच आमचं काम. कॉर्नर आणि त्याच्या शेजारचा इन हे दोघं एकमेकांचा हात धरून उभे असतात. माझा उजवा हात आबांच्या डाव्या हातात असायचा. आबांनी अंगठ्यानं एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की जा. त्यावर आमचा सगळा खेळ चालायचा.

माझे तळहात घाबरलो की घामेजतात. आणि मी नेहमीच घाबरलेला असायचो.

"हात हाय का भिजलेलं फडकं?" पहिल्याच सरावाला आबा म्हणाले. "आधी माझ्या चड्डीला पूस, मग धर."

तेव्हापासून प्रत्येक चढाईआधी मी त्यांच्या चड्डीला हात पुसायचो. प्रेक्षक हसायचे. आबांना त्याचं काही नव्हतं.

सहाव्या वर्षी सरावात माझ्या डाव्या गुडघ्यात कट्‌ असं वाजलं. दुसऱ्या दिवशी सूज आली. मी कुणाला सांगितलं नाही. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. शाळेचा कागद माझ्याकडं नव्हता, म्हणजे गुडघा गेला तर नोकरी गेली आणि दुसरीकडं कुणी उभं करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. घरी आईनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं, पोरगा नोकरीला लागला. मी एक शहाणपणा केला. दुखायचा डावा आणि पट्टी बांधायचो उजव्याला. समोरचे उजव्या पायावर यायचे आणि मी मनात हसायचो. सरांनाही वाटायचं, उजव्याला जरा लचक आहे.

त्याच हंगामात इंदापूरला मोठी स्पर्धा होती. आबांनी आधीच जाहीर केलं होतं, "ही माझी शेवटची." इतकी वर्षं खेळून त्यांनी ती एकदाही जिंकली नव्हती. आम्ही उपांत्य सामना जिंकलो आणि मुक्कामाला शेळगावला आबांच्या घरी गेलो. सकाळी गोठ्यापाशी मी दात घासत होतो. आबा आले.

"पाय कसा हाय?"

"कोणता?"

"पट्टी न्हाय त्यो."

"चांगला आहे, आबा."

"मग काल उठताना माझा हात का वढत हुतास? सहा वर्सं धरतोय त्यो हात. आधी नुसता धरायचास. आता टेकू घेतोस."

मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणालो, "आज फायनल होऊ द्या. उद्या दाखवतो डॉक्टरला."

आबा "बरं" म्हणाले. मला वाटलं, मिटलं.

इंदापूरला जाताना जीपमध्ये सगळ्यांसमोर ते सरांना म्हणाले, "सर, ह्याचा डावा गुडघा गेलाय. आज ह्याला खेळवू नका."

"खोटं आहे, सर!" मी ओरडलो.

सरांनी उसाच्या एका फडाशेजारी जीप थांबवायला लावली. मला खाली उतरवलं. "डाव्या पायावर बस आणि ऊठ."

मी बसलो. उठता येईना. सवयीनं उजवा हात बाजूला गेला. तिथं कुणी नव्हतं. आबा उसाकडं तोंड करून उभे होते.

माझ्या जागी मोरगावचा एक गडी खेळला. ताकदीचा होता, पण त्याला आबांचा अंगठा ठाऊक नव्हता. पूर्वार्धात आबांनी दोनदा दाबलं तर तो खाली हाताकडं बघून म्हणाला, "काय?" तेवढ्यात चढाई करणारा दोघांनाही शिवून गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो. आबांनी बूट काढले, दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि गळ्यात अडकवले.

परतताना मी त्यांना म्हणालो, "तुम्ही माझ्या पोटावर पाय दिला, आबा. आणि स्वतःची फायनलही घालवली."

"उद्या नऊला तयार ऱ्हा. बारामतीला डॉक्टरकडं जायाचंय."

मी गेलो, पण वाटेत एक शब्द बोललो नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आतला लिगामेंट अर्धा फाटलाय, अजून एक हिसका बसला असता तर खेळणं बंद. मला वाटलं, आबा आता काहीतरी सुनावतील. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "पुढच्या हंगामात खेळंल का ह्यो?"

"मी सांगतो तसं केलं तर."

तो कागद घेऊन ते सरांकडं गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. माझी जागा राहिली, हे कळलं.

नंतर पाच महिने आबा रोज सकाळी सांगवीला माझ्या खोलीवर यायचे. पायाला वजन बांधून पाय वर उचलायचा, असा व्यायाम होता. वजन म्हणून त्यांनी गुळाची एक लहान ढेप आणली होती, पंच्यात गुंडाळून घोट्याला बांधायची. पंधरा दिवसांनी त्यांनी ढेप हातात तोलून पाहिली.

"ही हलकी कशी झाली रं?"

"मुंग्या, आबा."

"व्हय? मुंगीच्या मिशीला गूळ लागलाय, पूस."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागलो. चूक झाली असं काही म्हणालो नाही. ते आजही राहिलंय.

पुढची बारा वर्षं मी त्याच कोपऱ्यात उभा राहिलो. त्यातल्या दुसऱ्या वर्षी नोकरी कायम झाली. बायको इथलीच मिळाली, मुलं 'हितं-तितं' बोलतात, आणि मी गावी गेलो की माझ्याच भावाला माझी मराठी परकी वाटते. इंदापूरची स्पर्धा आम्ही दोनदा जिंकली. आबा पहिल्या रांगेत बसून ओरडायचे, "पट्टी कुठल्या पायाला हाय रं?" शेजारी जो कुणी नवा इन यायचा, त्याला मी आधी आबांचा अंगठा शिकवायचो, मग बाकीचं.

गेल्या हंगामात मी थांबलो. भीती अजून जात नाही. कामावर साहेबांनी बोलावलं की तळहात आधी पँटला पुसतो.

आता आबांचे दोन्ही गुडघे गेलेत. घरातून गोठ्यापर्यंत भिंत धरत जातात. डॉक्टर म्हणतात, बदलायला हवेत. आबा दरवर्षी म्हणतात, ऊस गेला की बघू. ऊस जातो, पुढचा लागतो. मागच्या रविवारी मी शेळगावला गेलो होतो. डॉक्टरकडं नेतो म्हणालो तर म्हणाले, "माझा पाय ठणठणीत हाय." मी त्यांना गोठ्याकडं न्यायला हात दिला. त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी "बरं" म्हणालो. घरी येऊन त्यांच्या मुलाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना ते कळलंय, आणि सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत.

नाही बोलले तर नाही. ऑपरेशन होईल तेव्हा होईल. त्यानंतर जेव्हा त्यांना पहिल्यांदा उभं करतील, तेव्हा मी रजा टाकून त्यांच्या डाव्या बाजूला उभा असेन. मी दोनदा दाबलं की त्यांनी पाऊल टाकायचं.