तांबडं तेल आणि जावईबापू

आमच्या वडिलांनी मला आयुष्यभर बैल म्हटलं. लाडाने नव्हे आणि रागानेही नव्हे, दुसरा कुणी मुलाला नावाने हाक मारेल तसं. बैला, पंप बंद कर. बैला, जेवून घे. आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, ते जावईबापू म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि ते दारात दिसले की स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवायचे. मी अंबडच्या कारखान्यात फिटर होतो, सकाळ-संध्याकाळ मळ्यातही राबत होतो, पण माझ्यासाठी खुर्ची सोडाच, पाटसुद्धा कुणी सरकवला नाही. हे सगळं मी पोटात ठेवून होतो. मग ती गाडी आली आणि पोटातलं वर आलं.

गंगापूर रोडला तेव्हा बंगले कमी आणि मळे जास्त होते. आमचा मळा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. देवळालीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे वडील वर्षानुवर्षं फुलं पोचवत. नव्वद सालानंतर कधीतरी ते गृहस्थ मुलाकडे परदेशी कायमचे निघाले आणि जाताना आपली जुनी गाडी वडिलांना देऊन गेले. लांबलचक, मोरपंखी रंगाची, कुठल्याशा काळी बोटीने आलेली. आमची शेड तिला आखूड पडली म्हणून पुढे पत्रे वाढवावे लागले. तिला क्लच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे एक दांडी होती, ती खाली ओढली की गाडी निघायची आणि पुढचे गिअर तिचे तीच बदलायची. वडिलांनी त्याच दिवशी बोलून टाकलं की झेंडूचा पहिला तोडा आणि आमच्या आईला याच गाडीतून सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं.

ट्रॅक्टर मी चालवायचो, जीप मी चालवायचो, तेव्हा हीसुद्धा मीच चालवणार यात मला काही शंका नव्हती. पहिल्याच फेरीला मळ्याच्या वाटेवर म्हैस आडवी आली. माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. तिथे होता तो भला रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली, मागची फुलांची पाटी वडिलांच्या डोक्यावर रिकामी झाली आणि आईचं कपाळ पुढच्या सीटला आपटलं. वडिलांनी कानामागचा झेंडू काढला आणि हात पुढे करून किल्ली मागितली.

दाजी आखातात एका कंपनीचे ड्रायव्हर होते. नुकतेच कायमचे परत येऊन सिन्नरला राहायला लागले होते. तिकडे सगळ्या गाड्या अशाच, बिनक्लचच्या. ते आले, बसले, डावा पाय सीटखाली मागे घेतला आणि एका हाताने गाडी सोमेश्वरपर्यंत नेऊन आणली. डावा पाय आपल्याला नाहीच असं समजायचं, असं ते म्हणाले. वडिलांना ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर बाजारात जो भेटेल त्याला ते ऐकवत होते, आणि सोबत माझी म्हैसही सांगत होते. तेव्हापासून दर रविवारी वडील धुतलेली टोपी घालून फाटकापाशी जावयाची वाट बघत उभे राहायचे. शनिवारी गाडी धुवायची कुणी, तर मी.

श्रावण सरता सरता गाडी बिघडली. दांडी खाली ओढली तरी हलेना. इंजिन ओरडायचं आणि गाडी ढिम्म उभी. मग मनात आलं की एकदम झटका देऊन निघायची. चढ आला की इंजिन नुसतं गरगरायचं, चाकांपर्यंत काही पोचायचंच नाही. शहरातल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बराच वेळ डोकं खाजवलं आणि गिअरबॉक्स संपला, सामान मिळणार नाही, असं सांगून बॉनेट लावून टाकलं.

दाजी म्हणाले की आधी गिअरबॉक्सचं तेल बघू. वडील म्हणाले की ते मी रोज बघतो.

हे खरं होतं. आमच्याकडे तेल बघायची रीत ठरलेली होती. सकाळी अंघोळ झाली की वडील आधी ट्रॅक्टरला आणि मग गाडीला कुंकू लावायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि इंजिन थंडगार असताना इंजिनाची आणि गिअरबॉक्सची, दोन्हीकडची पट्टी ओढून तेल बघायचे. चालू इंजिनाचं तेल बघितलं म्हणून एका ड्रायव्हरला त्यांनी कामावरून काढलं होतं. त्या दिवशीही त्यांनी गिअरबॉक्सची पट्टी काढून दाखवली. खुणेपर्यंत भरलेली. दाजींनी पट्टी बघितली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि भरलेलं दिसतंय खरं, एवढंच म्हणाले. मी बाजूलाच होतो. त्यांनी काहीतरी गिळलं हे मला दिसलं.

नवरात्रात खाजगी गाड्या खाली नांदुरीलाच अडवतात, म्हणून घट बसायच्या आधी गडावर जायचं होतं. तोवर गाडी घाट चढण्याजोगी झाली नाही तर विकून टाकायची, असं वडिलांनी जाहीर केलं. एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवीच होती. आईने गडासाठी काढून ठेवलेलं नवं लुगडं परत पेटीत ठेवलं. मी मात्र एकच हिशेब करत होतो. गाडी मी दुरुस्त केली तर किल्ली माझी. मग वडील दाजींकडे बघतात तसं एकदा माझ्याकडे बघतील.

आणि नेमकं त्याच वेळी दाजींनी मला विहिरीपाशी गाठलं.

ते म्हणाले की इंजिनाचं तेल थंड असताना बघतात ते बरोबर, पण या गिअरबॉक्सचं उलटं असतं. इंजिन बंद केलं की वर खेळणारं सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. गाडी फिरवून आणायची आणि गरम असताना, इंजिन चालू ठेवूनच बघायचं. त्यांच्या मते तेल कमी झालं होतं, बाकी काही नाही.

मग हे वडिलांनाच का नाही सांगितलं, असं मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"मी सांगितलं तर ते लगेच हो म्हणतील," दाजी म्हणाले. "जावयाला ते नाही म्हणत नाहीत. पण चार माणसांत सासऱ्याला चुकीचं ठरवल्यासारखं होईल. तू सांग. तुला शिव्या घालतील आणि रात्री जेवायला हाक मारतील."

मला उपकार वाटायला हवे होते. मी जळून खाक झालो. जी एकमेव गोष्ट मला स्वतःच्या जोरावर मिळवायची होती, तीसुद्धा या माणसाने ओंजळीत आणून घातली होती. मी काही दिवस कुणाला काहीच बोललो नाही. घट जवळ येत होते तरी बोललो नाही.

शेवटी आईमुळे तोंड उघडावं लागलं. ती शेड झाडत होती. म्हणाली, यांचं हे कुंकू पाण्याने जातच नाही, तेलकट झालंय. गाडीखाली तांबडे डाग होते. वडील रोज कुंकू लावायचे, ते सांडायचं, त्यामुळे त्या डागांकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं. मी बोट लावून वास घेतला. कुंकू कसलं, या गिअरबॉक्सचं तेलच तांबडं असतं. गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाचं तबक असतं, त्याला मी हात लावून बघितलं तर कडेने ते पाझरत होतं. हा शोध माझा होता, दाजींचा नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी वडील हातात उदबत्ती घेऊन उभे असताना मी त्यांना सांगितलं की तेल बघायची आपली वेळ चुकतेय.

"बापाला शिकवतो व्हय रे बैला? तू पाळण्यात होता तवापासून मी ट्रॅक्टर हाकतोय."

एवढ्यावर थांबले नाहीत. ऐन सणाच्या तोंडावर माझ्या शिक्षणापासून म्हशीपर्यंत सगळं निघालं. आई चुलीपासून उठून आली आणि बघा तर खरं एकदा, म्हणाली, तेव्हा कुठे ते गप्प झाले. मी गाडी रडतखडत सोमेश्वरपर्यंत फिरवून आणली, इंजिन चालू ठेवलं आणि पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. टोकाला जेमतेम ओल होती. त्यांनी ती उपरण्याने पुसली, परत घातली, परत काढली. असं बऱ्याच वेळा केलं. चूक झाली असं त्यांना तोंडाने म्हणायचं नव्हतं.

"लय उपाशी ठेवली हिला," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "बैल हाय, पण कामाचा हाय."

मी काही दाखवलं नाही, पण आतून फुगलो होतो. तबकाचं पॅकिंग वाळून तडकलं होतं. मी अंबडला जेवणाच्या सुट्टीत कॉर्कच्या शीटमधून नवं कापलं, भोकं पाडली आणि बोल्ट आडवे-उभे थोडे थोडे आवळत बसवलं. द्वारका चौकाजवळच्या दुकानातून तांबडं तेल आणलं. पट्टीच्याच नळीत नरसाळं लावून, इंजिन चालू ठेवून, थोडं ओतायचं, दांडी सगळ्या जागांवरून फिरवायची, परत बघायचं. दुपारपर्यंत दांडी ओढताक्षणी गाडी निघायला लागली. आईने पेटी उघडून लुगडं बाहेर काढलं.

निघायच्या सकाळी किल्ली वडिलांच्या हातात होती. मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी उभा होतो. वडील माझ्यासमोरून पुढे गेले आणि किल्ली दाजींना दिली. घाट आहे, जावईबापू चालवतील, म्हणाले. माझ्या मांडीवर झेंडूची पाटी आली.

नांदुरीनंतर घाट सुरू झाला. मी कान देऊन बसलो होतो. चढ आला की गाडी एक गिअर खाली उतरायची, किंचित मागे रेलायची आणि ओढत वर निघायची. एक तरी झटका बसावा असं मला वाटत होतं, आणि पॅकिंग माझं असल्यामुळे बसू नये असंही वाटत होतं. एकही बसला नाही. वडील मागून सारखे सांगत होते, बैला, पाटी नीट धर, फुलं सांडतील. आणि मधूनच, जावईबापू, थकला असाल तर थांबू या.

आई-वडील पायऱ्या चढायला गेले. गाडी निवत होती, तिच्याजवळ आम्ही दोघंच राहिलो. दाजी बॉनेटला टेकून म्हणाले की तू काम चांगलं केलंस. मी हूं म्हटलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," दाजी म्हणाले, "मला त्यांनी अजून एकदाही रागावून दाखवलं नाही. दर वेळी खुर्ची. माझे वडील मला आठवतसुद्धा नाहीत. ते तुला बैल म्हणतात ना, मला जळायला होतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. थट्टा नव्हती. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो तो माणूस माझ्यावर जळत होता, तोही माझ्या शिवीसाठी. मला वाईट वाटलं असतं तर मी मोठा माणूस ठरलो असतो. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना उसाचा रस पाजला, आलं-लिंबू घालून. त्यानंतर किल्ली दाजींकडेच राहिली आणि माझं फारसं काही बिघडलं नाही. वडिलांनी चारचौघांत बैल म्हटलं की मी हळूच दाजींकडे बघून घ्यायचो.

पुढे गंगापूर रोड बंगल्यांनी, मग इमारतींनी भरला. आमचा अर्धा मळा गेला. वडिलांचे गुडघे गेले. पण दर वर्षी घट बसायच्या आधी गाडी गडावर जायची, तेल गरम इंजिनावर बघून. वडील आता उदबत्ती ओवाळून झाली की इंजिन सुरू करायला सांगायचे आणि ही रीत आपल्या घरात पूर्वीपासून आहे असं नातवंडांना ऐकवायचे.

त्यातल्याच एका वर्षी, दोन हजार सालाच्या बऱ्याच नंतर, दिंडोरीच्या पुढे एक टेम्पो अचानक आडवा घुसला. दाजींनी करकचून ब्रेक दाबला. वडिलांची टोपी माझ्या मांडीवरच्या पाटीत येऊन पडली.

"हळू की रे, बैला," वडील मागून ओरडले.

मी सवयीने मागे वळलो आणि चुकलं म्हणालो. मग लक्षात आलं की गाडी मी चालवत नव्हतो. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मिशीतल्या मिशीत हसत होते, डोळे भरले होते.

"मला म्हणाले," ते हळूच म्हणाले.

वडील टोपी मागत होते. मी ती झटकून मागे दिली आणि पाटी नीट धरली. गडावर दाजींनी पूजेचं सामान विकणाऱ्यालाही सांगितलं, माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, आणि उसाचा रस घेऊन माझ्यापाशी आले. मी नको म्हटलं. मला तहान लागली होती, तरी नको म्हटलं. वडिलांनी दाजींना किल्ली दिली होती, खुर्ची दिली होती. तेवढं एकच माझं होतं.