नानांचा शेवटचा ग्रह

मंडळी, गटावर फार दिवसांनी लिहितो आहे, माफ करा.

धुळ्याचे नाना आणि मी मेहरूणला माझ्या घरी बारा वर्षे टेबलावर नकाशा पसरून अंतराळातल्या साम्राज्यांचे युद्ध खेळलो. सरकी त्यांची जहाजे, चिंचोके माझी. नियम एकच होता. शेवटचा ग्रह जाळण्याआधी "शरण येता का?" असे विचारायचे.

आज पहिल्यांदा पुतण्याच्या कॉम्प्युटरवर खेळलो. मी त्यांची सगळी जहाजे फोडली आणि त्याच झपाट्यात बटण दाबले. ग्रह पेटला. पडद्यावर आले, चार कोटी ठार.

"आबा, तुम्ही इचारं नही," नाना म्हणाले.

"मशीन थांबलंच नाही हो!"

"बोट तं तुमनं व्हतं ना!"

त्यांनी माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटले. मी कीबोर्ड उचलून त्यांच्या खांद्यावर हाणला. ते खांदा धरून धुळ्याच्या गाडीने निघून गेले.

टेबलावर शत्रूचे जहाज हाताने उचलावे लागे, तेव्हा समोरचा चेहरा दिसे. आज आम्ही दोघे पडद्याकडेच बघत होतो. तुमचे असे कधी झाले आहे का?

धुळेकरांनो, नानांना हे वाचून दाखवा. म्हणावे, आबा शरण आला आहे. त्यांचा खांदा कसा आहे, एवढे तरी लवकर कळवा.