बिरदेवच्या अंगातलं वारं
केंदूरच्या भामाबाईचा पोरगा बिरदेव देव झाला, तेव्हा सगळ्या वस्तीला आनंद झाला. एक हिलाच झाला नाही. आता आईलाच आनंद होऊ नये म्हणजे काय म्हणावं! पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना.

त्याचं झालं असं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. बिरदेव रांजणगावला कंपनीत लागला. आधी वायसर, मग नट, मग पाना फिरवायचा, एवढंच काम. पण त्याचे हात क्रमच विसरायचे. सुपरवायझरनं वैतागून घरी पाठवला. घरी पोरगा भिंतीकडं बघून बोलू लागला. म्हणे, "आई, कुणीतरी सारकं हाका मारतंय." बाप रखमाजी म्हणाला, "बिरोबा हाय त्यो. आपल्या घराण्यातच वारं हाय." झालं! रविवारी देवळात ढोल लावून पोराला उभं केलं. लोक पाया पडू लागले, हरवलेल्या मेंढीचं, सोयरिकीचं विचारू लागले. रखमाजीची मान ताठ झाली.

भामाबाईनं सासऱ्याच्या अंगात आलेलं पाहिलं होतं. म्हातारा एरवी काठीशिवाय उठत नसे, पण ढोल वाजला की पाऊल ठेक्यावर असं पडे की बघणारे तोंडात बोटं घालत. बिरदेवचं पाऊल ठेक्यावर पडतच नव्हतं. वाजवणारे बिचारे त्याच्यासाठी हात सावकाश करत, तरी जुळेना.

"अवं, देवाला ढोल कळंना व्हय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

रखमाजी खवळला. "देवाची परीक्षा घेतीस? गप ऱ्हा."

मग एक दिवस बिरदेवनं ताट लोटलं. "ते म्हणत्यात, तुज्या भाकरीत इख हाय." भामाबाईला वाटलं, असला कसला मेला देव! बाजाराचं निमित्त करून तिनं पोराला यष्टीत घातलं आणि शिरूरचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं. मग टेबलावर मूठ, हाताची कड, तळवा असं ओळीनं ठेवून दाखवलं. बिरदेवला ओळ जमेना. पेन्सिलीनं ठेका दिला, तो परत वाजवता येईना. डोळे मिटवून हातात किल्ली दिली. चाचपून ओळखता येईना.

"मावशी, लहानपणी कसा होता?"

"बटणं बी वर-खाली लावायचा. आमी म्हनायचो, येंधळं हाय."

"नुसत्या हातांवरून आजार ठरत नाही," बाई म्हणाल्या. "पण आवाज आहेत, संशय आहे, त्यांच्या जोडीला बऱ्याच जणांत हातांचा हा गोंधळही दिसतो. मेंदूचा आजार आहे हा. त्याचा दोष नाही, तुमचाही नाही." ते ऐकून भामाबाई ढसाढसा रडली.

गोळ्यांनी आवाज दबले. पोरगा भाकरी खाऊ लागला. हात तसेच राहिले. पण देवळातली गर्दी आटली, आणि पाया पडणारेच आता त्याला बघून वाट बदलू लागले. रखमाजी बायकोशी बोलेनासा झाला.

एका दुपारी चुलीपुढं जेवता जेवता बिरदेव म्हणाला, "आई, देव व्हतो तवा समदी यायची. आता येडा म्हणत्यात. कशापायी नेलंस मला?"

भामाबाईचा परातीतला हात थांबला. तुझ्या भल्यासाठी, असं ओठांवर आलं होतं, पण ते काही पुरं खरं नव्हतं.

"माज्यापायी नेलं," ती म्हणाली. "त्यास्नी देव पायजे व्हता. मला तू पायजे व्हतास."