नावाआधीचे अक्षर

हिवाळ्यातल्या सकाळी साबणाच्या पाण्याला एक थंड, किंचित कडसर वास येतो. गेवराईच्या हमरस्त्याला लागून असलेल्या आमच्या दुकानासमोर त्या दिवशी तो वास पसरला होता. पलीकडच्या शेतात तूर वाळत आलेली, उन्हात अजून पुरता पिवळेपणा भरलेला नाही, आणि त्या विरळ उन्हाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, नवी पांढरी जीप अंगभर निथळत उभी होती. ती दादाने नोंदवली होती. गेवराई ते तलवाडा प्रवासी न्यायचे, हा त्याचा बेत. जीप आली तेव्हा दादा नव्हता. पावसाळा सरता सरता काविळीने त्याला नेले होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिवलिंग. मी बीडला कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि तो इथे गाड्यांवर नावे लावत होता. त्या वर्षांत रस्त्यावर एकाएकी नव्या गाड्या, नवे रंग, नव्या जाहिराती दिसू लागल्या होत्या, आणि ज्याच्या दारात चार चाके आली त्याला आपले नाव रंगाने लिहिलेले नको, चमकणारे हवे होते. दादाने ब्रश बाजूला ठेवला आणि मागून चिकट असलेल्या, प्लॅस्टिकसारख्या रंगीत कागदातून पात्याने अक्षरे कापायला सुरुवात केली. आमच्याकडे त्या कागदाला सरसकट 'रेडियम'च म्हणतात.

सपाट पत्र्यावर ते कुणीही चिकटवील; गोलाईवर मात्र रेडियम माणसाची परीक्षा पाहते. गोलाई चहूकडे उतरत जाते आणि कागद जन्मतःच सपाट, त्यामुळे दोघांची गाठ घालताना मध्ये कुठेतरी हवा कोंडते आणि फुगा येतो. दुकानात त्याला 'वारं धरलं' म्हणत. झपाटलेल्या माणसासाठी गावात हाच शब्द वापरतात, याचे मला नेहमी नवल वाटे. वारे धरू नये म्हणून दादा आधी जमिनीवर सडा टाकी, धूळ बसू देई. पत्रा सावलीत निववून त्यावर साबणाचे पाणी शिंपडी, म्हणजे अक्षर लगेच पकड घेत नाही, हलक्या हाताने सरकवता येते. मग नावाचा मध्य धरून आधी तोच दाबायचा आणि तिथून रबरी पट्टीने पाणी व हवा कडांकडे लोटत न्यायची. उतारावर गरम फडक्याने शेक द्यायचा, पण ओढायचे नाही. ओढलेले रेडियम आपला मूळ आकार विसरत नाही आणि काही दिवसांनी कडेने उठू लागते. मी कधी शेजारी पुस्तक घेऊन बसलो की तो मान वर न करता म्हणे, "मास्तर, तुमच्या लेखात हवा चालती. हितं न्हाई चालत बे."

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. दादाला दिली तेव्हा मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. कपाळावर भस्म, मांडीवर बेलाची पाने, आणि भोवती माणसे मुठीमुठीने माती सारत, दाबत होती; कुठे पोकळी राहू नये म्हणून. त्या दाबणाऱ्या हातांकडे पाहताना माझ्या मनात काय आले ते मी कुणाला सांगितले नाही.

वहिनी मात्र दुकान उघडून बसत. दादाच्या शेजारी बसून अक्षरांभोवतीचा कागद सोलता सोलता त्या सगळे काम शिकल्या होत्या. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरांना काही ठाऊक नसे. कुणी गाडी थांबवून हाक देई, "शिवा हाय का?" आणि आतून वहिनींचा आवाज येई, "बाहेर गेलेत जरा." सुटीत आलो असताना तो 'जरा' ऐकला की माझ्या अंगावर काटा येई. कारण क्षणभर मीही रस्त्याकडे पाहत असे.

म्हणूनच जीपवर दादाचे नाव लावणे हा साधा प्रश्न नव्हता. वडिलांनी, आप्पांनी, आदल्या दिवशी बजावले होते, "नावाआधी कै. पायजे. लोकांना कळाया पायजे." वहिनी त्यांना मामा म्हणत. "नाव लावते मामा," एवढेच त्या म्हणाल्या.

सकाळी त्यांनी जीपवर पाणी शिंपडले तेव्हा नवा ड्रायव्हर महादू हसला. "वैनी, हळद लावून आंघोळ घालावी तसं चाललंय. कावून एवढं पाणी?"

"तुला बी घालू का? लई दिस झालेले दिसतात," वहिनी म्हणाल्या. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली.

मग त्या कामाला लागल्या. बॉनेटच्या पुढच्या गोल उतारावर त्यांनी नावाचा मध्य धरला, दाबला, आणि पट्टी दोन्ही बाजूंना फिरू लागली. पाण्याचे बारीक ओघळ कडांनी निसटत होते. नाव पत्र्यावर उमटल्यासारखे बसले; बोट फिरवले तरी कड लागू नये असे.

आप्पा जवळ आले. "आन् कै. कुठंय?"

नाव बरोबर मध्यावर होते. आधी काही लावायला नीट जागाच उरली नव्हती.

"गोलाईवर मधूनच धरावं लागतं मामा."

"मग काढ आन् सरकव."

"आता निघायचं न्हाई. काढलं तर फाटल."

"ऱ्हाऊ द्या की आप्पा," महादू पुटपुटला. "नाव झ्याक बसलंय."

"तू गप बे! रोज तुलाच इचारतील, मालक कुठं हायेत. काय सांगशील?"

आप्पा तडक दुकानात गेले आणि एक खण ओढून तयार कापलेले 'कै.' घेऊन आले. त्याला मागणी कायम असे. रिकाम्या दुपारी दादा ती अक्षरे कापून ठेवी. म्हणजे हे त्याच्याच हातचे होते. वहिनींनी ते ओळखले असावे, कारण त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

सावली एव्हाना सरकली होती. बॉनेट जिथे मडगार्डकडे वळते तिथे, तापू लागलेल्या कोरड्या पत्र्यावर, आप्पांनी ते चिकटवले. एक टोक आधीच पकडले गेले, दुसरे तिरपे बसले, आणि 'क'च्या जाड दांड्यात फुगा उभा राहिला. आप्पा तो तळव्याने दाबू लागले. तो नुसता इकडून तिकडे पळत होता. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

मला वाटले, आता वहिनी ते अक्षर ओरबाडून काढतील. त्या पुढे झाल्या, आप्पांचा हात हळूच बाजूला केला आणि पदराची टाचणी काढली. फुगा मध्यावर नव्हे, कडेशी टोचला. मग अंगठ्याने हवा त्या छिद्राकडे लोटत नेली.

"ह्यांच्या हातचं अक्षर हाय मामा," त्या म्हणाल्या. "वारं ठिवून चालायचं न्हाई."

अक्षर सपाट झाले. तरी अंगठा तिथेच राहिला, कितीतरी वेळ. मी त्या न दिसणाऱ्या छिद्राकडे पाहत होतो. आत असते तोवर हवा वेगळी असते, तिला आकार असतो, जागा असते. बाहेर पडल्यावर ती सगळीकडचीच होऊन जाते, आणि आपण श्वास घेतो त्यात ती किती आहे, हे कुणाला सांगता येते?