शीतपेटीचा पंखा आणि हरकतकाकू

त्यांचे संपूर्ण नाव सेवापुस्तकात होते, परंतु कार्यालयात ते कोणी उच्चारत नसे. नोकरीची पहिली दोन वर्षे त्या ‘मॅडम’ होत्या. पुढे निवृत्तीपर्यंत ‘हरकतकाकू’.

औषधांच्या शीतपेटीसारख्या यंत्रात कोणता भाग कुठे जोडला आहे, याचे वर्णन कारखान्यातच आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर साठवले जाते. यंत्राचा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नेल, ते वाचून कामाला लागतो. कर्नेल वरचेवर बदलतो. विकल्या गेलेल्या पेटीतले वर्णन मात्र बदलायला कोणी जात नाही. नव्या कर्नेलला जुने वर्णन कळते की नाही, हे पाहणे काकूंचे काम.

त्यांची सून त्याच विभागात लागली. हुशार, कामसू, अंमळ उतावीळ. तिने एक जुने वैगुण्य हेरले. शीतपेटीच्या वर्णनात पंख्याचा संकेत उलटा, म्हणजे ‘चालू’च्या जागी ‘बंद’, असा लिहिला होता आणि कर्नेलही तो जाणूनबुजून उलटाच वाचत होता. त्यामुळे पंखा बिनबोभाट फिरे. सुनेने दोन्हीकडे सुलट केले आणि काम मंजुरीसाठी सासूकडे आले. त्या मंजुरीवर तिची कायम नेमणूक अवलंबून होती.

“आई, यात तरी खुसपट काढू नका हं.”

“इथे आई म्हणायचं नाही.”

“बरं, काकू! चूक सुधारायलाही तुमची हरकत?”

“चाचणी कशी घेतलीस?”

“नवं वर्णन घातलं, नवा कर्नेल घातला. पंखा भिंगरीसारखा फिरतोय!”

“तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, जरा सांभाळून घे,” असे मुलाने सकाळीच बजावले होते. तरी काकूंनी लोखंडी कपाट उघडले. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रकारचा एक बोर्ड तिथे होता, जसाच्या तसा. ‘यास कोणीही सुधारू नये’, अशी चिठ्ठी प्रत्येकावर होती.

“तुझा कर्नेल या जुन्या बोर्डात घाल. वर्णनाला हात लावू नकोस.”

सुनेने तसे केले आणि बोर्डाला पंखा जोडला; गरज नसतानाच तो फिरू लागला. तापमान वाढले, कर्नेलने पंख्याला फिरण्याची आज्ञा दिली, आणि फिरता पंखा थांबला.

सुनेचा चेहरा उतरला. “म्हणजे बाहेरच्या सगळ्या पेट्या...”

“औषधं नासवतील. तुझं बरोबर आहे गं. पण ते त्या पेट्यांना सांगायला कोण जाणार?”

“आणि माझी नोकरी?”

“हरकत मी नोंदवणारच,” काकू म्हणाल्या; पण त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

सुनेने बोर्डवरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, “नव्या पेटीचं वर्णन नव्या नावानं लिहू. जुनं नाव दिसलं की कर्नेल उलटं वाचेल, नवं दिसलं की सुलट. तुम्ही नाही का, घरी आई आणि इथे काकू!”

“घरीसुद्धा काकूच असते मी, असं तुझा नवरा म्हणतो,” काकूंनी शेरा मारला, आणि दोघी हसल्या.

तो बदल मंजूर झाला. पण पहिल्या कामावर नोंदलेल्या हरकतीमुळे सुनेची नेमणूक सहा महिने लांबली. काकूंच्या निवृत्तीनंतर कपाटाची किल्ली तिच्याकडे आली. जुना संकेत आजही उलटाच वाचला जातो. त्या सहा महिन्यांबद्दल दिलगिरीचा एक शब्द काकूंकडून यायचा होता. तो राहिला तो राहिलाच. सुनेनेही कधी मागितला नाही.