नोकरीला मनाई करणारी चिठ्ठी

"वत्सलाताई, तुम्ही यात पडू नका," अध्यक्ष म्हणाले.

"चिठ्ठी स्वयंपाकघराच्या दारावर लावलीत, म्हणजे मी वाचणारच," मी म्हटलं.

चिठ्ठी त्यांच्या हातची, शाईच्या पेनाने लिहिलेली. ईमेलला वजन नसतं, असं त्यांचं मत. 'सरकारी पाहणी होईपर्यंत कोणत्याही उमेदवाराने नोकरी स्वीकारू नये.' कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या आमच्या मराठी मंडळाच्या बेसमेंटमध्ये सरकारी अनुदानावर एक कार्यक्रम चालतो, त्याची ही चिठ्ठी. कार्यक्रम कसला? नव्याने आलेल्यांना नोकऱ्या मिळवून देण्याचा!

शेजारी केतकी उभी, नागपूरची इंजिनियर. इथून तासाभरावरच्या केंब्रिज गावी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि पाहणी त्यानंतरच्या गुरुवारी होती.

भांडण कुठवर गेलं ते सांगते. पण या कार्यक्रमाचे किस्से आमच्या फ्रीझरसारखे झालेत. एक पाकीट काढायला जावं, तर चार अंगावर येतात.

*

रेझ्युमे कसा लिहावा हे शिकवायला आधी एक मुलगा नेमला होता. फार छान शिकवायचा. वर्गात नमुना म्हणून स्वतःचाच रेझ्युमे लिहून दाखवला, मग म्हणाला, लिहिलाच आहे तर पाठवून बघू. त्याला विनिपेगला नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी: 'शिक्षक यशस्वी झाल्यामुळे वर्ग बंद.'

*

मग इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस. साहेब कोण होणार? अध्यक्षच. समोर पुण्याच्या बँकेतून आलेले एक मॅनेजर, टाय लावून.

"कॅनेडियन एक्सपीरियन्स?"

"सर, गेल्याच आठवड्यात आलो."

"मग जमणार नाही. नेक्स्ट."

मी चहा घेऊन गेले होते. विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही आलात तेव्हा तुमच्याकडे होता?"

"तेव्हा विचारत नव्हते," ते म्हणाले आणि कप उचलला.

*

अनुभव नाही ना, मग अनुभव देऊ, असं कमिटीत ठरलं. चिठ्ठी निघाली: 'मंडळाच्या पार्किंग लॉटमधला बर्फ शोव्हल करणे हा कॅनेडियन अनुभव धरला जाईल.' त्या हिवाळ्यात आमच्या पार्किंगइतकं स्वच्छ पार्किंग अख्ख्या गावात नव्हतं. मिरजेचे एक दातांचे डॉक्टर कंबर धरून मला म्हणाले, "मावशी, क्लीनिंगच करतोय. फक्त पेशंट मोठा आहे."

*

शेवटी फोनवर कसं बोलावं हे मी शिकवायला बसले. मला कोणी नेमलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"चौथी. इंग्रजी मी इथे आल्यावर ग्रोसरीच्या फ्लायरवरून शिकले. आणि मला या देशात कुणी फसवून दाखवावं."

केतकी फोनवर दर वाक्याला सॉरी म्हणायची. मी तिला सांगितलं, "काय चोरी केलीस का? सॉरी खाली ठेव आणि बोल." तशी बोलली, आणि केंब्रिजची नोकरी लागली.

*

तर आता ती चिठ्ठी. बाकीचे उमेदवार कंटाळून आपापले ट्रकवर नाहीतर वेअरहाऊसमध्ये लागले होते. उरलेली एकटी केतकी.

"पाहणीला वर्ग रिकामा दिसला तर अनुदान जाईल," अध्यक्ष म्हणाले. "मी काय उत्तर देऊ?"

"सांगा, सगळ्यांना नोकऱ्या लागल्या."

"मग ते म्हणतील, कार्यक्रमाची गरजच काय?" मग केतकीकडे वळून अगदी गोड आवाजात, "बेटा, गुरुवारपर्यंतच. मंडळासाठी एवढं करणार नाहीस?"

"काका, सोमवारी नाही गेले तर ते दुसऱ्या कुणाला घेतील," ती म्हणाली. "अख्खा हिवाळा घरात काढलाय मी. लेक शाळेत सांगते, माय मॉम डझन्ट डू एनिथिंग." आणि ती हळूच मला म्हणाली, "मावशी, थांबू का मग?"

मी दारावरची चिठ्ठी काढली आणि अध्यक्षांच्या हातात दिली.

"अहो, पण मग गुरुवारी वर्गात बसायचं कुणी?" ते ओरडले.

"तुम्ही बसा, अध्यक्ष. तुम्हाला नोकरी लागण्याची काही भीती नाही."