शेजारची सीट

जव्हारहून दाभोशाला येणाऱ्या जीपमध्ये माणसं कोंबण्यात तिच्या ड्रायव्हरचा हात कोणी धरू शकणार नाही. "सरका, आजून एक बसंल," म्हणतो, आणि तो एक खरंच बसतो. एरवी तोंड बंद. शाळा सुटली की मी रोज त्याच्याच जीपने घरी येतो, तरी तो पोलंडला गोदामात कामाला होता हे मला फार उशिरा कळलं.

नाताळच्या आदल्या दिवशी मात्र तो शेजारची सीट कोणालाच देत नाही. यंदा मी चिडून कारण विचारलं.

"तिथं या सांजेला घरोघर एक ताट जास्त मांडतात, गुरुजी. घरमालकीण म्हातारी, एकटीच. मला त्या ताटावर बस म्हणून ओढाय लागली. मला वाटलं, मेलेल्या नवऱ्याचं असंल. आपण पितरांना वाढतो ना, तसं. हात जोडले नि खोलीत जाऊन उपाशी झोपलो."

"मग?"

"ते अवचित येणाऱ्या पाहुण्याचं असतं. मला कळलं, तवर म्हातारी वारली होती."

"मग मला बसू दे की इथे."

"तुम्ही रोजचेच."

मागे आम्ही एकमेकांच्या मांडीवर. प्रत्येक फाट्यावर तो जीप हळू करून अंधारात बघायचा. कोणीच हात केला नाही. दाभोशाला सगळे उतरल्यावर तो जीपला वळसा घालून त्या रिकाम्या सीटच्या बाजूला गेला, दार उघडून थोडा वेळ उभा राहिला, आणि आवाज न करता लावून घेतलं.